चंद्रीचा दगड

कुसुंबगडच्या मैदानात मधोमध गुडघाभर उंचीचा एक काळा दगड आहे. इथे सायकलवर बसून, लांब काठीने चेंडू मारत पोलो खेळतात. खेळताना ज्याचा पाय जमिनीला लागेल, त्याने मुकाट्याने जाऊन या दगडाला काठी टेकवायची. तोवर चेंडूकडे बघायचेही नाही. पंच नाही, शिट्टी नाही. बाहेरचे येतात ते हसतात. हसोत बापडे. मग कुणीतरी म्हातारा त्यांना चंद्रीची गोष्ट सांगतो.

संस्थानाच्या काळी इथे घोड्यांवरचा पोलो होता. एका साली साथ आली आणि पागा रिकामी झाली. शेवटी गेली ती चंद्री घोडी. घोड्यांची निगा राखणाऱ्या लिंबाजी मोतद्दाराने तिला लेकीसारखी वाढवली होती. त्याने तिला मैदानातच पुरले आणि वर हा दगड रोवला. मूठभर माती लोटायला एकही सरदार आला नाही; ते मुंबईहून येणाऱ्या सायकलींची वाट बघत होते म्हणे. सायकली आल्या सहा, म्हणून गडी तिघे-तिघे. तो नियम तेव्हापासूनचा.

सायकली आल्या, अक्कल पागेतच राहिली. थांबायचे झाले की सरदार हँडल लगामासारखे खेचत. ब्रेक दाबणे त्यांना नोकराचे काम वाटे. म्हणून प्रत्येकामागे सीट धरून एक मोतद्दार धावे. लिंबाजीच्या वाट्याला हैबतराव आले. आपला पाय रणातही कधी जमिनीला लागला नाही, अशी त्यांची फुशारकी. रणाचे तोंड त्यांच्या आजोबांनीही पाहिले नव्हते.

या हैबतरावांना मैदानावर बंगला बांधायचा होता. राजेसाहेबांना विचार करण्याचा भारी कंटाळा. ते म्हणाले, सामना जिंका, मैदान घ्या. लिंबाजीला एकच दिसत होते: पाया खणला की चंद्रीची हाडे वर येणार होती.

सामना चार-चार गोलांवर आला. पाचव्याला निकाल. पाय टेकवून केलेला गोल तेव्हाही धरत नसत. हैबतराव कलंडले, त्यांचा पाय चक्क टेकला, आणि तसाच चेंडू ढकलून त्यांनी गोल केला.

"सरकार, पाय लागला," लिंबाजी म्हणाला.

"कुणी पाहिलं?"

"म्या. सीट माझ्याच हातात हुती."

"मोतद्दाराच्या शब्दानं सरदार खोटा ठरायचा काय रे?"

लिंबाजी हटला नाही. "मग चंद्रीच्या दगडाला काठी टेकवून या, सरकार. पाय लागला नसंल, तर ती काय बी करायची न्हाई." एवढे बोलून त्याने सीट सोडली. आजवर कधी सोडली नव्हती.

हैबतराव ऐटीत निघाले. दगड जवळ आला तसे त्यांनी सवयीने हँडल खेचले. सायकल मागच्या चाकावर उभी राहून खिंकाळली, असे सांगतात. सायकल कसली खिंकाळते! खिंकाळले ते हैबतराव. दोन्ही पाय, बूड आणि पगडी एकदमच मातीला लागली.

राजेसाहेबांनी गोल रद्द केला आणि लिंबाजीला काय हवे ते विचारले.

"मैदान ऱ्हाऊ द्या. अन् आजपासनं कुणी कुणाची सीट धरायची न्हाई."

आजही कुणी धरत नाही. पडलेल्याने आपले आपण उठायचे. हैबतरावांचे पणतू अजून खेळायला येतात, महागड्या सायकली घेऊन. पाय टेकला की आधी इकडेतिकडे बघतात, कुणी पाहिले का म्हणून. मग नजर दगडावर जाते, आणि काठी घेऊन निमूट तिकडे वळतात.