खारजाईच्या देवळातलं टवका उडालेलं ताट

आडवेळ्याच्या खारजाईच्या देवळात शिरलात की डाव्या हाताच्या कोनाड्यात बघा. पांढरं ताट आहे. त्यावर निळ्या रंगात खडकावर बसलेला एक माणूस, डोक्यावर सुपाएवढी टोपी. काठाचा टवका उडालाय आणि आतली तांबूस माती दिसतेय. हात नका लावू. बघून घ्या, आणि मग ऐका.

असं सांगतात की, टोपीकरांचं एक गलबत इथल्या खडकांवर फुटलं. माणसं होडीनं निघून गेली, पण गवतात गुंडाळलेलं हे ताट अखंड किनाऱ्याला लागलं आणि विसाजीपंत खोतांना सापडलं. एवढं पांढरं भांडं गावानं पाहिलं नव्हतं. पंत म्हणाले, "हे माणसाच्या हातचं नव्हे. शंखाचं आहे. आणि हा बसलाय तो साक्षात वरुण!" टोपीचं कुणी विचारलं, तर म्हणे पंत उखडले, "समुद्रात ऊन लागत नाही काय?"

तोवर चैत्री पुनवेचा नैवेद्य येसू कुंभारणीच्या परळात, म्हणजे मातीच्या पसरट थाळीत, वाढला जाई. त्या मानापोटी देवळाच्या तळीतली माती काढायचा हक्क तिच्या घराला होता. तीन कोसांत दुसरी चिकणमाती नाही. पंतांनी दवंडी पिटवली : यंदापासून नैवेद्य शंखाच्या ताटात. परळ गेला म्हणजे तळी गेली, आणि तळी गेली म्हणजे चाक थांबलं.

पुनवेला सगळा गाव मंडपात जमला. धाकू गुरवानं देवीपुढे ठेवायला ताट उचललं, आणि पायरीखाली उभ्या असलेल्या येसूला त्याची पाठ दिसली. काठाखाली तीन बारीक व्रण. भट्टीत भांड्याला खापरीचा टेकू दिला की अस्सेच व्रण उरतात. शंखाला टेकू कोण देतो? ती तडक वर चढली, गुरवाच्या हातातून ताट घेतलं, उलटं केलं आणि बुडाच्या कोऱ्या कडेला जीभ लावली.

देवीचं ताट, नैवेद्याआधी उष्टं! ढोलवाल्याच्या हातातली टिपरी गळून पडली. समईसुद्धा म्हणे घटकाभर जळायची विसरली.

"येसू, भ्रष्टलीस काय गे!" धाकू ओरडला.

येसूला बोलताच येईना, कारण ताट जिभेला चिकटलं होतं. कोरी भाजलेली माती ओलावा ओढून घेते. तिच्या घरात मातीची पारख जिभेनंच करत. शंख असा चिकटत नाही. तिनं ताट ओढून सोडवलं. "पंत, माती आहे ही. वर पांढरी झिलई, आणि त्यावर चितारलंय."

"खोटारडी!" पंतांनी ताटाला हिसका दिला. काठ पायरीवर आपटला, टवका उडाला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आतून तांबूस माती बाहेर आली. थेट तळीतल्यासारखी.

पंत टवका उचलून उलटसुलट बघू लागले. साक्षात वरुण, आणि मातीचा?

आता ही बाई ताट फोडणार, असंच सगळ्यांना वाटलं. येसू मात्र उडालेल्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. केवढं पातळ, केवढं सारखं! कुठल्या मुलखात, कुठल्या चाकावर बसला असेल हे घडवणारा? त्याच्याही घराला कुणीतरी तळी दिली असेल. तिनं आपला परळ देवीपुढे ठेवला आणि शेजारी ते ताट.

"यालाही मान द्या," ती म्हणाली. "तिकडचा भाऊ आहे माझा."

टोपीकर कुंभार येसूचा भाऊ! जिभेनं बसला नव्हता एवढा धक्का गावाला याचा बसला म्हणे. पण देवीसमोर नाही कोण म्हणणार? तळी येसूच्याच घराकडे राहिली.

आजही चैत्री पुनवेला त्या घरची सून दोन परळ घडवते. एक घरचा, दुसरा तिकडच्या भावाचा. भावाला काही यायला जमत नाही, म्हणून त्याच्या परळातला नैवेद्य गावात आलेल्या परक्या पाहुण्याला मिळतो. मात्र आधी परळाच्या कडेला जीभ लावून दाखवावी लागते. आज पुनवच आहे, आणि मघापासून सूनबाई तुमच्याकडेच बघतायत. लाजू नका. काढा जीभ.