सोमवारचे ताजे पाणी

पाचगणीच्या थंडीत इंदुताईंचे गुडघे आखडत, म्हणून त्यांचे यजमान अण्णासाहेब दाभाडे यांनी फरशीखाली नळ्या घातल्या आणि त्यांतून विजेच्या हीटरने तापवलेले पाणी फिरवले. हीटर मात्र वारंवार जळू लागला. शेवटी अण्णासाहेबांनी जाहीर केले, "दोष नळ्यांतच असणार. उद्या सगळी फरशी उखडा." इंदुताईंचा चेहरा उतरला.

त्यांची सून केतकी अभियंता होती. तिने हीटर उघडला, तेव्हा जळालेल्या कॉइलवर क्षारांचा जाड पांढरा थर दिसला.

"बाबा, नळ्यांतले पाणी कोणी बदलते का?"

"मीच बदलतो, दर सोमवारी. शिळे पाणी या घरात चालत नाही."

"आपल्या विहिरीच्या पाण्यात क्षार फार आहेत. प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर नवा थर चढतो आणि कॉइल जळते. एकदा भरलेले पाणीच फिरत राहिले पाहिजे."

"वर्षानुवर्षे तेच पाणी? मला किळस येते."

"मग तुमच्या अंगातले रक्तही दर सोमवारी बदलू या. तेही जन्मापासून त्याच नळ्यांतून फिरते आहे."

अण्णासाहेबांनी नकळत आपले मनगट झाकले. "फरशी राहू द्या," ते म्हणाले.

नव्या कॉइलने सारा हिवाळा काढला. एखाद्या सोमवारी अण्णासाहेबांचा हात नळाकडे गेलाच, तर उबदार फरशीवर अनवाणी फिरणाऱ्या इंदुताई हळूच म्हणतात, "अहो, रक्त."