गार झालं का, काका?

खळ्ळ…

पंचेचाळीस वर्षं झाली त्या आवाजाला. पण सुमेधा चौगुलेनं "काका, गार झालं का?" असं विचारलं, की हणमंत कासारांच्या कानात तो हटकून वाजायचा.

आजही वाजला.

"अजून जोडलंच नाही, बाळ," ते सावकाश म्हणाले. "गार कुठून व्हायचं?"

सुमेधा ओशाळली. "सवय हो, काका."

"बस."

ती स्टुलावर बसली.

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागामागची ही पत्र्याच्या छपराची खोली. फळीवर काचेच्या नळ्या, टेबलावर बर्नर, कोपऱ्यात ऑक्सिजनचं नळकांडं. विभागात कुणाचा चंबू तडको, कुणाची नळी तुटो, तुकडे शेवटी इथं यायचे आणि हणमंतकाका ते जोडून द्यायचे. शाळा त्यांची चौथीपर्यंत. घरचा धंदा बांगड्यांचा. बांगडी भरताना बाईचा हात किती दाबायचा हे बापानं शिकवलं, आणि काच किती तापवायची हे मेहबूब उस्तादांनी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण दुसरा माणूस मिळेना, म्हणून विभागानं त्यांना सोडलं नव्हतं.

सुमेधाची आणि त्यांची ओळख भाजण्यातून झाली. दोन वर्षांपूर्वी, एमएस्सीच्या पहिल्याच आठवड्यात, तिनं या टेबलावरची एक नळी सरळ उचलली होती. लोखंड तापलं की लाल दिसतं. काच लबाड. ज्योतीतून बाहेर आली की घटकेत पाण्यासारखी स्वच्छ होते. तापलेली कुठली आणि गार कुठली, डोळ्यांना काही कळत नाही. पोरीची दोन बोटं पोळली. काकांनी ती वाहत्या पाण्याखाली धरली आणि मग तिला दाखवलं, की काचेला शिवायचं नाही, आधी पालथा हात जवळ न्यायचा. तळहात निबर असतो. पालथ्या हाताला धग आधी कळते.

सुमेधानं ते पाहिलं, मान डोलावली, आणि त्या दिवसापासून काकांनाच विचारायला लागली. काका, गार झालं का?

काका "हं…" म्हणायचे, आपला पालथा हात काचेजवळ न्यायचे, थांबायचे, मग सांगायचे. झालं. किंवा, थांब जरा.

विभागातल्या पोरांना तेवढंच निमित्त. चहा आला की कुणीतरी ओरडायचं, "सुमेधा, थांब! आधी काकांना विचार, गार झाला का!"

ती हसायची. पण विचारायची राहिली नाही.

आज तिच्या पंपाच्या नळीचा फाटा तुटला होता. शेवटची मोजणी राहिली होती प्रकल्पाची. तेवढी झाली, की इथलं काम संपलं. काकांनी दोन्ही तुकडे उजेडात धरून पाहिले आणि निळा चष्मा डोळ्यांवर चढवला.

सुमेधानं पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला.

"काका, एक काम होतं."

"तेच तर करतोय."

"हे नाही. तुम्ही मार्क द्यायचेत."

"मी?" काकांनी काडी ओढून बर्नर पेटवला. "चौथी पास माणूस. घेताना रडलो, आता देऊ कुणाला?"

"हसू नका हो. पीएचडीला कुठं जायचं, ते ठरवायचंय. तीन जागा आहेत. प्रत्येकीला दहापैकी मार्क. अकरा जणांनी दिलेत. बारावे तुम्ही."

"अकरा कोण?"

"बाबा, आई, दादा, पाटणकर सर, मामा, वर्गातले पाच जण… आणि दादाचा एक मित्र."

"तो कोण विद्वान?"

"तो जर्मनीला जाऊन आलाय."

"शिकायला?"

"…लग्नाला. आठ दिवस."

काकांचे खांदे हलले. हसले की त्यांचे खांदेच हलायचे, आवाज व्हायचा नाही.

"बरं. सांग एकेक. मी ऐकतो. बघणार मात्र काचेकडंच."

दारातून कँटीनचा माणूस दोन चहा ठेवून गेला. काकांनी ज्योत बारीक केली. नळी दोन्ही हातांत धरून ते ती फिरवायला लागले. एका लयीत, जात्यासारखी.

"पहिली जर्मनी," सुमेधा म्हणाली. "मोठी प्रयोगशाळा आहे. चाळीस माणसं. बॅटरीवर काम. विषय त्यांनीच ठरवलाय, यंत्रं सगळी आहेत. बाबा दूध संघात सगळ्यांना सांगून मोकळे झालेत. फॅट काढता काढता सांगतात म्हणे, आमची सुमी जर्मनीला."

"हं."

स्टूल हललं नाही. तिनं चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"दुसरं म्हणजे इथंच. पाटणकर सरांकडं. सर म्हणतात, ओळखीचं काम आहे, चार वर्षांत हातावेगळं होईल. घरही जवळ. आईनं दहापैकी दहा दिलेत."

"आई आहे ती."

आणखी एक घोट.

"आणि तिसरं बंगळूर." ती थांबली. "तिथं एक नवीन मॅडम आल्यात. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे अजून नुसती खोकी आहेत, काका. उघडायचीसुद्धा राहिलीत. एकच विद्यार्थी आहे. त्यांनी मुलाखतीत मला अभ्यासाचं काही विचारलंच नाही. माझ्या प्रकल्पात मला काय खटकतं, एवढंच विचारलं…"

स्टूल करकरलं. ती उठली होती.

"म्हणजे बघा, आमची ती पूड आहे ना, हवेतली ओल धरून ठेवणारी? ती ओल धरते, पण सोडताना अडते. सगळे म्हणतात पूड खराब. मला वाटतं पूड खराब नाहीच! आपण तिला घाईनं तापवतो. हळू तापवली तर ती थेंबन् थेंब देईल. माळावरच्या गावात, जिथं विहिरीला पाणी नाही, तिथं रात्रीची ओल धरायची आणि सकाळच्या उन्हात…"

तिचे हात हवेत चालले होते. काका नळी फिरवत होते. काच मऊ झाली, मधाळ झाली. त्यांनी फाटा टेकवला, रबरी नळीतून हलकी फुंकर घातली, जोड फुगून बसला.

बऱ्याच वेळानं ती थांबली.

"पण बंगळूरला सगळ्यांनी कमी मार्क दिलेत," ती खाली बसत म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "नवीन जागा, नाव नाही, काय भरवसा. बरोबरच आहे त्यांचं. जर्मनीला आणि बंगळूरला, दोन्हीकडं आज पाचपर्यंत कळवायचंय. द्या ना काका मार्क. तुम्ही सांगाल ते मी करीन."

तुम्ही सांगाल ते मी करीन.

खळ्ळ…

काकांनी ऑक्सिजन बंद केला. ज्योत पिवळी, मऊ झाली. त्या काजळीच्या ज्योतीत त्यांनी जोड फिरवत ठेवला. घाईनं गार केलेली काच आतल्या आत रुसते आणि दोन दिवसांनी कारण नसताना तडकते.

तेव्हा हणमंत वीस वर्षांचा होता. उस्तादांनी एक गोल चंबू फुंकून ठेवला होता. हणमंतनं विचारलं, "उस्ताद, गार झाला?" उस्ताद म्हणाले, "झाला." हणमंतनं दोन्ही हातांनी उचलला. कातडी चरचरली, चंबू फरशीवर. खळ्ळ. उस्तादांनी स्वतः त्याच्या हाताला मलम लावलं, पट्टी बांधली आणि एवढंच विचारलं, "मी म्हटलं म्हणून उचललास?"

हणमंत महिनाभर उस्तादांशी बोलला नव्हता. पोराला असं शिकवतात होय? तेव्हाच त्यानं ठरवलं, आपल्या हाताखाली कुणी आलं, तर त्याला खोटं सांगायचं नाही. आणि आजवर सांगितलं नव्हतं. दोन वर्षं या पोरीनं विचारलं, दोन वर्षं आपण खरं सांगितलं. दर वेळी.

दर वेळी… आपला हात पुढं गेला आणि तिचा मागं राहिला.

काकांनी बर्नर बंद केला. नळी न जळणाऱ्या कापडावर ठेवली. काजळी फडक्यानं अलगद पुसली. नळी पाण्यासारखी स्वच्छ झाली.

सुमेधानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. तीन वाजून गेले होते.

"काका, गार झालं का?"

"झालं," काका म्हणाले.

म्हणाले खरे. पण टेबलाखाली त्यांचा उजवा हात उघडा, तयार होता. तिच्या बोटांच्या आणि काचेच्या मध्ये घालायला. उस्तादांनी तेव्हा हात मध्ये घातला नव्हता. हणमंत कासारांना तेवढं कठोर होणं जमणार नव्हतं.

सुमेधाची बोटं निघाली. वीतभर अंतर राहिलं. चार बोटं राहिली.

आणि थांबली.

तिच्या कपाळावर बारीक आठी आली. काकांनी "हं…" म्हटलं नव्हतं. पालथा हात नेला नव्हता. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. ते फळीवरच्या नळ्या मोजल्यासारखं करत होते.

हळूच तिनं आपला हात पालथा केला.

"…काका."

"हं."

"हे तापलंय."

"हं."

"तुम्ही झालं म्हणालात!"

"म्हणालो."

"तुम्ही कधी खोटं बोलत नाही."

"आज बोललो."

तिचे डोळे भरून आले. "माझा हात भाजला असता ना!"

"भाजला?"

"…नाही."

"मग?"

ती आपल्या हाताकडं पाहत राहिली. पोळल्याच्या दोन जुन्या खुणा असलेल्या बोटांकडं, मग त्यांच्या पालथ्या बाजूकडं. जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता आणि आजच तिला मिळाला होता.

काकांनी टेबलाखालचा हात वर घेतला. तो अजून उघडाच होता. तिनं तो पाहिला. तो तिथं का होता, हेही तिला कळलं असावं, कारण ओढणीनं डोळे पुसता पुसता ती हसली.

"म्हणजे बाबा, सर, दादा… सगळे मला खोटं सांगतात?"

"छे गं. पोटतिडकीनं सांगतात बिचारे." काकांनी चष्मा उतरवला. "लांबून सांगतात, एवढंच."

बाहेर कुणीतरी सायकल स्टँडला लावली. खोलीत तापलेल्या गॅसचा वास होता. सुमेधाचा चहा तसाच पडून होता, दोन घोट कमी. वर साय धरली होती. तिनं कपाकडं पाहिलं. बंगळूरचं सांगायला लागल्यापासून तिनं त्याला हात लावला नव्हता.

ती बराच वेळ त्या कपाकडं बघत राहिली.

"काका…"

"हं?"

"मॅडमच्या त्या खोक्यांत काचेचं सामान असणार. फुटणार. आणि तिथं काचकाम करणारं कुणी नाही. मी विचारलं होतं त्यांना."

"असं?"

"काच बघायला तिथं मी एकटीच असणार."

काकांनी काजळीचं फडकं झटकलं.

तिनं पालथा हात पुन्हा काचेजवळ नेला. मागं घेतला. थोडा वेळ गेला. कावळा पत्र्यावर चालला, त्याची नखं वाजली. तिनं पुन्हा हात नेला, या वेळी जास्त जवळ. मान थोडी कलती करून, कानानं ऐकावं तसं ती हातानं ऐकत होती. काका दोन वर्षं असंच करत आले होते. तिनं ते बघितलं होतं तर.

मग सवयीनं तिची मान वळली. ओठ उघडले.

"काका, गार…"

"मला काय ठाऊक?" हणमंत कासार म्हणाले.

सुमेधानं ओठ मिटले. खाली वाकून तिनं नळी उचलली. दोन्ही हातांनी, नीट. फाटा उजेडात धरून पाहिला. काच बांधायला काका नेहमी रद्दीचा कागद द्यायचे. त्यांनी सवयीनं हात पुढं केला, तर तिनं मार्कांचा तो चार घड्यांचा कागद उलगडला, त्यात नळी गुंडाळली आणि टोकं आत दुमडली.

दर खेपेला ती दारातून "येते काका" म्हणायची.

आज काही न बोलताच गेली.