येसूमायने रानाची नावे सांगितली

ज्या काळी घाट उतरणाऱ्या वाटेला गाडीचे चाक ठाऊक नव्हते, त्या काळची ही हकिकत आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी शिरगाळ नावाचे गाव होते आणि गावाच्या माथ्यावर सातेरी देवीची राई होती. राई म्हणजे देवीच्या नावाने राखलेले रान. तिथे झाडांची अशी दाटी होती, की पाऊस उघडला तरी खाली दुपारपर्यंत थेंब गळत राहत. गारंबीच्या वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड होत्या. ककणेर पक्षी डोक्यावरून गेले, की पंखांचा आवाज असा घुमे, की म्हातारी माणसे हात जोडीत. राईचे भय सर्वांना होते. ओळख मात्र एकीलाच होती.

तिचे नाव येसूमाय. ती गावाची वैदीण होती. असे म्हणतात, की तिने हात पुढे करताच पान देठातून आपण सुटे आणि तिच्या ओंजळीत पडे.

तिच्या सासरच्या घराण्याचा एक कडक नेम होता. औषधी आणायला जाताना कोणाशी बोलायचे नाही आणि औषधीचे नाव कोणाला सांगायचे नाही. नाव उघड झाले, की औषधाचा गुण जातो आणि सांगणाऱ्याची विद्याही जाते, असे सासूने तिला बजावले होते. येसूमायने तो नेम देवाच्या नेमासारखा पाळला. ती विधवा होती, तिला मूलबाळ नव्हते. विद्या हेच तिचे सर्वस्व होते.

एका वर्षी गावाने देवीसाठी नवी पालखी करवली. ती जुनीपेक्षा रुंद झाली आणि राईतली वाट तिला पुरेना. गावचा मानकरी धाकू गावकर म्हणाला, "देवीक फांद्ये लागतत. तिची वाट सरळ आणि रुंद होया." कोणाचेही मन पापी नव्हते. माणसांनी उपास केले, आंघोळी केल्या, कोयत्यांना कुंकू लावले आणि देवीचा जयजयकार करीत झुडपे तोडली. मुळेसुद्धा खणून काढली.

येसूमाय राईच्या तोंडाशी उभी होती. कोयते झऱ्याकडे सरकताना तिने पाहिले. झऱ्याच्या काठी कडुसरीची वेल होती. दरवर्षी पावसाच्या अखेरीस गावात ताप येई आणि त्या तापावर तीच एक वेल चाले. येसूमायचे ओठ हलले. पण 'ती वेल सोडा' म्हणायचे, तर ती दाखवावी लागणार होती. ती गप्प राहिली. वेल तुटली, ढिगात पडली आणि जळाली.

पावसाच्या अखेरीस ताप आला. येसूमायने राई धुंडाळली, पण वेल कुठे दिसली नाही. पुष्कळ घरांत माणसे आडवी झाली. धाकू गावकराच्या सुनेचे, गोदूचे, एकुलते एक मूल गेले.

सुतक फिटल्यावर धाकू येसूमायच्या दारी आला. "माये, गेल्या साली तुझ्या काढ्यान पोरां उठली. औंदा काय झाला?"

"वेल नाय रे, धाकू."

"कसली वेल?"

"झऱ्याकडची. तुम्ही तोडल्यात ती."

धाकूने आपले तळवे पाहिले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मीच तोडलंय. पण माये, तू थंयच उभी होतंस. मगे तोंड कित्याक उघडूक नाय?"



येसूमाय उठून सातेरीच्या पायाशी गेली आणि तिने कौल लावला. देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. 'नेम मोडू का?' एवढेच तिने विचारले. असे म्हणतात, की पाकळ्या सुकल्या, पण ना उजवी पडली ना डावी. तेव्हा येसूमायला उमगले. स्वतःचे तोंड उघडायला देवीची आज्ञा मागणे हासुद्धा गप्प राहण्याचाच एक प्रकार होता.

दुसऱ्या दिवशी तिने सगळा गाव राईत बोलावला, बायकापोरांसकट. उजाडलेल्या झऱ्याच्या काठी उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, "कडुसरी." वेलीचे पान कसे, फूल कसे, बी कधी पडते, ते तिने सांगितले. असे म्हणतात, की ते नाव ऐकताच राईतली पाखरे स्तब्ध झाली. मग ती दुसऱ्या झाडाकडे वळली, मग तिसऱ्याकडे.

माणसांनी ओळीने नावे म्हटली. ज्याच्या घराजवळ जे झाड, ते त्याने ओळखायचे आणि शेजाऱ्याला दाखवायचे. असे पुढे रोज चालले. ती केवळ औषधी दाखवीत नव्हती. ककणेर कोणत्या झाडाच्या ढोलीत घर करते, शेकरू कोणती बी टाकते आणि त्या बीचे पुढे काय होते, हेही सांगत होती.

एकदा बाळगो नावाचा एक आळशी गडी वैतागून म्हणाला, "माये, ह्या झाडाक ना फळ, ना लाकूड. ह्याचो उपयोग काय?"

"तुझो काय उपयोग आसा रे, बाळग्या? तरी सातेरी तुका सांभाळता मा?"

सगळी राई हसली. बाळगोने ते झाड जन्मभर विसरले नाही.

पण गोदूच्या एक गोष्ट ध्यानात आली. येसूमायने जे नाव सांगितले, ते तिच्या स्वतःच्या स्मरणातून गेले. काल दाखवलेल्या सातविणीच्या झाडापाशी ती आज परक्यासारखी उभी राही. सासूने सांगितले होते ते खरे होत होते. गोदूने तिचे हात धरले. "माये, पुरे कर. तुझ्याकडे काय एक उरूचा नाय."

"माझ्याकडे होता तेव्हा तुझा पोर वाचला काय गो?" येसूमाय म्हणाली. "चल. ती पलीकडची दाखवची ऱ्हवली."

तिने एकही नाव मागे ठेवले नाही. सुरंगी, काजरा, उक्षी, गारंबी, सर्व सांगितली. शेवटचे नाव सांगून ती खाली बसली, तेव्हा तिला राई ही नुसती हिरवी सावली होती.

पुढे गोदूला एका अवघड कड्यावर कडुसरीची वेल सापडली. दहा माणसे तिच्या पानावर हात टाकायला निघाली, पण गोदूने कोणाला हात लावू दिला नाही. तिने बी धरेपर्यंत वाट पाहिली आणि ते झऱ्याच्या काठी पेरले. वेल माजली, तेव्हाच तिने पहिला काढा केला. औषधाचा गुण गेला नव्हता. नेम खोटा होता, की येसूमायने आपली विद्या देऊन तो फेडला होता, हे सातेरी जाणे.

पहिला काढा येसूमायलाच लागला. तापाने ती फणफणली होती. एक घोट घेऊन तिने तोंड वाकडे केले. "काय गो ह्या? जहर कडू!"

"कडुसरी, माये."

"बरा नाव आसा. तुका कोणी सांगल्यान?"

गोदूने डोळ्यांना पदर लावला. "आमच्या गावात सगळ्यांक ठावक आसा."

म्हातारीचे समाधान झाले. ती पुढेही पुष्कळ जगली. असे म्हणतात, की ती गेली त्या दिवशी राईतल्या प्रत्येक झाडाने एक पान ढाळले, मग त्याचा पानगळीचा काळ असो वा नसो.

शिरगाळात आजही पालखीच्या आधी एक दिवस गाव राईत जातो. वाटेवर आलेल्या रोपाला कोयता लावण्यापूर्वी हातात कोयता असणाऱ्याने त्याचे नाव मोठ्याने सांगायचे आणि ते आणखी कुठे उगवले आहे, ते दाखवायचे. दोन्ही जमले नाही, तर लहान मूलसुद्धा त्याला कोयता खाली ठेवायला लावते. अनोळखी रोपाला वळसा घालून पालखी पुढे नेतात. म्हणून तिथली वाट फार वाकडी आहे. नवखे भोई दमतात आणि विचारतात, देवीची वाट सरळ का करीत नाही?

गावकरी वळणावरच्या रोपाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "ह्याचा नाव अजून आमकां ठावक नाय."