वावळखारची पंगत

वावळखारच्या खाडीवर एक बुटकी टेकडी आहे. तिच्या माथ्यावर काळ्या दगडाचे बसके चिरे एका ओळीत मांडले आहेत, चाळीसेक माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढे. मागे येशूचं छोटं प्रार्थनाघर. गावातले कोळी कोलंबी, खेकडे, तिसऱ्या सगळं पकडतात, विकतात, घरी चवीनं खातातही. पण या टेकडीवर खवल्यांच्या माशाखेरीज दुसरी मासळी चढत नाही. टोपलीत कोलंबी असली तर कोळीण टोपली पायथ्याशी ठेवून वर येते. पाहुणे विचारतात, असं का? मग प्रार्थनाघराचे राखणदार अबाजीकाका चिऱ्यावर टेकतात आणि सांगू लागतात. सांगताना त्यांना दर वेळी राग येतो.

फार पूर्वी, म्हणे, गलबत फुटून काही यहुदी कुटुंबं या किनाऱ्याला लागली. त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. त्यांचे खाण्याचे नियम कडक होते. माशाला पर आणि खवले हवेत, मांसाबरोबर दूध नाही, रक्त तर नाहीच. पुढे त्यांतल्या सातआठ घरांनी येशूचा मार्ग धरला. येशू आपल्यातलाच, यहुद्याच्या पोटचा, तेव्हा नियम सोडायचं काही कारण त्यांना दिसलं नाही. मग खाडीपलीकडचे कोळीही त्याच मार्गाला लागले, आणि डोकेदुखी तिथून सुरू झाली.

दर रविवारी प्रार्थनेनंतर टेकडीवर सगळ्यांनी एकत्र जेवायचं, असा येशूच्या लोकांचा रिवाज. एकत्र म्हणायचं फक्त. तेल्यांची पंगत उगवतीला, कोळ्यांची मावळतीला. चुली दोन, टोप दोन, पळ्या दोन. हे सगळं सांभाळायचं काम मिल्काबाईचं. इकडची पळी तिकडे लागली की तेल्यांचा आरडाओरडा, आणि पळी धुवायला घेतली की कोळ्यांची तोंडं फुगलेली. प्रार्थनेत सगळे एकमेकांचे भाऊ, आणि भात वाढला की कोण कुठला!

मिल्काबाईला याचा वीट आला होता, कारण तिची एकुलती एक लेक राहेल कोळ्यांच्या घरात दिली होती. लग्न याच टेकडीवर लागलं, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. पण वर्षभरानं पोटुशी राहेल एका रविवारी आईशेजारी जेवायला बसली आणि तेल्यांचा पुढारी हसाजी, मिल्काबाईचा सख्खा थोरला भाऊ, पानावरून उठला.

"दादा, भाची आहे तुझी!" मिल्काबाई म्हणाली.

"म्हणूनच जीव तुटतो," हसाजी म्हणाला. "गलबत फुटलं तेव्हा आपल्या पोथ्या बुडाल्या, मिल्के. भाषासुद्धा गेली. आपण कोण, हे सांगायला आता हे ताट तेवढं उरलंय. तेही सोडू?"

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. तिनं तिथंच नेम धरला. लेक शेजारी बसल्याशिवाय या टेकडीवर अन्नाचा कण तोंडात घालणार नाही. त्यानंतर ती दोन्ही चुलींवर रांधायची, दोन्ही पंगतींना वाढायची आणि उपाशी टेकडी उतरायची. असे अकरा रविवार गेले. राहेलला सातवा महिना लागला. लवकरच तिला चढण झेपणार नव्हती.

मग साबा नावाचे एक उपदेशक गलबतानं आले. जन्मानं तेही यहुदीच. पण आल्या आल्या कोळ्यांच्या पंगतीत बसले आणि खेकड्याची नांगी फोडून खाऊ लागले. "देवानं जे निर्मळ केलं त्याला विटाळ म्हणू नये," असं म्हणाले. मिल्काबाईला वाटलं, सुटलो एकदाचे! पण तिसऱ्या रविवारी कल्याण बंदरातून दोन वडीलधारे यहुदी ख्रिस्ती आले. त्यांना पाहताच साबा गुरुजींनी पान उचललं आणि गुपचूप तेल्यांच्या पंगतीत जाऊन बसले.

मिल्काबाईनं हातातली पळी आपटली.

"गुरुजी, मागच्या रविवारी तुमच्या दाढीला खेकड्याचा रस्सा लागला होता! तो पुसायला मी पाणी दिलं. आज काय झालं? माझ्या लेकीशेजारी बसलेलं कल्याणकरांनी पाहिलं तर बाटाल?"

साबांचा चेहरा उतरला. आणि खजील झालेली माणसं करतात तेच त्यांनी केलं, दुसऱ्या टोकाला गेले. उठून म्हणाले, आजपासून पंगत एक, टोप एक, आणि खेकडा सगळ्यांनी खायचा. तेल्यांपैकी कुणी हलेना. मिल्काबाई मात्र तरातरा गेली, लेकीशेजारी बसली आणि नांगी तोंडात घातली. लेकीसाठी विषही गिळलं असतं तिनं. पण घशानं ऐकलं नाही. सगळ्यांसमक्ष तिला उमळून आलं आणि घास बाहेर पडला.

कोळी सुन्न झाले. आपलं रोजचं अन्न पाहून कुणाला ओकारी यावी, याहून मोठा अपमान कोणता? राहेल तोंड झाकून रडू लागली, मिल्काबाईनंही डोळ्यांना पदर लावला. तिला वाटलं, इतके आठवडे केलं ते सगळं आपणच मातीला मिळवलं.

तेव्हा राहेलची सासू रावली उठली.

"विहिनी, ररू नको गो. तू माजे सुनंसाठी तोंडान घातलास, मी बगितला," ती म्हणाली आणि हसाजीकडे वळली. "माजे घरान मी खेकडं खाईन, कोनाचे बापाला भ्यानार नाय. पन ही पोर आयशीशेजारी बसत आसल, तर या टेकडीवर मी खवल्यांचाच मावरा आनीन. रांधीन मात मी, माजे हातान. तू खाशील?"

हसाजीनं कोळ्यांच्या टोपाकडे पाहिलं. मग म्हणाला, "टोप नवा हवा."

"नवा आनीन!" रावली ओरडली. "आजून काय?"



पुढच्या रविवारी माणसांनी एका पंगतीचे चिरे मांडले. नव्या टोपात रावलीनं नारळाच्या रसात रावस शिजवला, मिल्काबाईनं भात केला. कल्याणकर वडीलधारे बसले, साबा बसले, सर्वांत शेवटी हसाजी बसला. मिल्काबाई सवयीनं वाढायला उभी होती. पुढाऱ्यानं पहिला घास घ्यायची रीत, म्हणून सगळे हसाजीकडे पाहू लागले. त्यानं पानातला हात मागे घेतला.

"मिल्के, आधी तू. तू किती दिवस उपाशी आहेस ते मी मोजत होतो."

ती राहेलशेजारी टेकली. पहिला घास घेतला, चावला, डोळे पुसले आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मग पान स्वच्छ होईपर्यंत ती जेवली, आणि तोवर कुणी अन्नाला हात लावला नाही.

आजही वावळखारच्या टेकडीवर वाढप झालं की रांधणाऱ्या बाया आधी बसतात, तेल्याची आणि कोळ्याची, एकमेकींना खेटून. बाकीची पंगत हात आवरून वाट पाहते. भात निवतो, पाहुण्यांची पोटं कुरकुरतात, आणि कुणीतरी हळूच विचारतं, सुरू करायचं का? अबाजीकाका त्याच्यावर डोळे वटारतात.

"थांबा," ते म्हणतात. "बाई जेवतेय."