वानराची गोफण

नदीकाठच्या एका रानात, भर उघड्या माळावर, एक टिटवी राहत असे. ती ओरडली की अपशकुन होतो, असे म्हणत सगळे तिच्यावर डाफरत. खरे तर, मुलांनो, संकट तिला सगळ्यांच्या आधी दिसे, एवढाच तिचा गुन्हा.

त्या रानातल्या वानरांनी शेतातल्या मचाणांवरून गोफणी पळवून आणल्या होत्या. बिबळ्या आला की ते दगड भिरकावून त्याला हुसकावत, म्हणून त्यांचा भारी मान होता. एके दिवशी टिटवीला करवंदीच्या जाळीत एक वानरी पिल्लाला पोटाशी धरून बसलेली दिसली. "टिटवीताई, नवऱ्याच्या माराची आता सवय झालीय गं," ती म्हणाली, "पण हल्ली तो माझ्याकडे बघत नुसती गोफण फिरवत बसतो. काल दगड पिल्लाच्या कानाजवळून गेला." ती तडक रानाच्या प्रमुखाकडे, म्हाताऱ्या गव्याकडे गेली आणि तिने सभा बोलवायला लावली.

"अशा वानराच्या हातात गोफण राहू देऊ नका, तसा कायदाच करा," वानरीची हकिगत सांगून ती सभेत म्हणाली. कोल्हा हसला. "नवराबायकोचं भांडण ते, टिटवीबाई. आज भांडतील, उद्या गोड होतील." गवाही कचरला. "गोफणी काढून घेतल्या तर बिबळ्याला कोण अडवणार?" त्यावर टिटवी म्हणाली, "सगळ्यांच्या नका घेऊ. जो घरच्यांवर उगारतो, त्याचीच घ्या. बिबळ्या कधीमधी येतो, गवेदादा. वानरीला तर रोज त्या नवऱ्याच्या शेजारी झोपावं लागतं." तेवढ्यात तो वानर फांदीवरून गुरकावला, "तुझी अंडी माळावर उघडी पडलीयेत, विसरू नकोस." पण धन्य टिटवीची, ती जागची हलली नाही. "विसरले नाही," ती म्हणाली. "म्हणूनच बोलतेय."

वानराने आपल्याच तोंडाने आपला स्वभाव सगळ्यांना दाखवून दिला होता. आता कोल्ह्यानेही मान खाली घातली. गवा उठून उभा राहिला. "जो घरच्यांवर हात उगारील, त्याच्याकडे गोफण राहणार नाही. आणि जी आसरा मागेल, तिला आपण सगळे मिळून सांभाळू," तो म्हणाला. इतर वानरांनीच त्याची गोफण काढून घेतली आणि त्याला नदीपलीकडे घालवून दिले. वानरी आपल्या झाडावर परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या झाडावरून पिल्लाच्या रडण्याचा आवाज आला. फळासाठी हट्ट करून ते चांगले भोकाड पसरून रडत होते. टिटवी खालून ऐकत राहिली. आजवर बापाच्या धाकाने ते पिल्लू कधी मोठ्याने रडलेच नव्हते.

तात्पर्य : ज्याच्या धाकाने घरचेच थरथर कापतात, त्याच्या हाती शस्त्र राहू देऊ नये, आणि घरातल्या जुलमाला घरगुती भांडण म्हणून गप्प बसू नये.