आठ कुठून आले

“…ते सगळं ठीक. पण गाळ काय म्हणाला?” केळुसकरबाईंनी विचारलं.

बाईंच्याच प्रयोगशाळेत आता काम करणाऱ्या श्रीरंग तांडेलची छाती आधीच फुगलेली होती, ती आणखी दोन इंच फुगली. खाडीत पाच ठिकाणी लांब नळी खुपसून त्याने गाळाचे अख्खे खांब वर काढले होते. थर वाचत वाचत तो पन्नास वर्षं मागे गेला होता. काठावर एकही कारखाना नव्हता तेव्हा पाण्यात नत्र किती असेल, याचा अंदाज त्याने बांधला होता.

उद्या तो आकडा समितीपुढे मांडायचा होता. खाडीची मूळ पातळी तीच ठरणार होती आणि कारखान्यांनी सांडपाणी किती स्वच्छ करून सोडायचं, तेही तिच्यावरूनच.

“गाळ सरासरी तीन म्हणाला, बाई. पण मी अकरा लिहिलं.”

“का?”

“तुमच्या वहीत अकरा आहे ना!”

ती वही म्हणजे प्रयोगशाळेचं दैवत. बाईंनी तरुणपणी होडीतून फिरून, पाणी तपासून भरलेली. त्या काळची मोजमापं दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच. दर खंडेनवमीला प्रयोगशाळेत तिला हळदकुंकू वाहत, आणि निवृत्त झालेल्या बाई त्या दिवशी घरीसुद्धा जरा ताठ बसत. खोटं कशाला सांगा?

“म्हणजे गाळ चुकला?”

“थोडासा. पण चूक अगदी सरळ आहे. वहीतला आकडा दर ठिकाणी आठने जास्त. मग मी सगळीकडे आठ मिळवून टाकले. आता गाळ आणि वही तंतोतंत जुळतात!”

शाबासकीसाठी तो थांबला.

बाईंचा चहाचा कप ओठांशीच राहिला होता.

“नदीच्या तोंडाशी किती मिळवलेस?”

“आठ.”

“आणि बाहेर, खुल्या समुद्रात?”

“तिथेही आठच. म्हणून तर…”

तो अडखळला. नदी आणि समुद्र इतके एकसारखे कधी वागतात? खाडीकाठी वाढलेल्या तांडेलाला हे कुणी शिकवायला नको होतं. म्हणजे हे आठ पाण्यातले नव्हतेच.

…

बाई आपल्या हातांकडे बघत होत्या.

“नमुन्याचं पाणी भरायच्या बाटल्या मीच धुवायचे,” त्या म्हणाल्या. “नायट्रिक आम्लाने. चकचकीत निघायच्या. होडीत गोडं पाणी बेताचं… एकदाच विसळायचे.”

“त्या आम्लातच नत्र असतं, बाई,” श्रीरंग पुटपुटला. गुरूची विद्या गुरूला सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन म्हणावं, तर उद्या भरसभेत बाईंची वही खोटी ठरणार. अकरा म्हणावं, तर आजची बारावर गेलेली खाडी जवळपास निर्मळ ठरणार, आणि कारखाने सुटणार.

“वहीला कुणी बोट लावणार नाही, बाई,” तो घाईने म्हणाला. “आठचं कारण मी काहीतरी शोधतो…”

“काहीतरी?”



बाईंनी हात पुढे केला. त्याने पिशवीतून वही काढून दिली. पहिल्या पानावर अजून कुंकू होतं. त्याच्याच खाली बाईंनी लिहिलं: ‘सर्व आकड्यांतून आठ वजा करावेत. दोष बाटल्यांचा. त्या मी धुतल्या.’ खाली सही केली, तारीख घातली आणि वही परत दिली.

श्रीरंगला वाटलं होतं, बाई खचतील. पण बाई ताठ बसल्या होत्या, खंडेनवमीपेक्षाही ताठ. त्यांच्याकडे बघून त्याचा ऊर भरून आला, आणि या वेळी त्यात स्वतःची फुशारकी नव्हती.

“मग बाई… आता पूजा कशाची करायची?”

“गाळाची कर,” बाई म्हणाल्या. “त्याने कधी बाटली धुतली नाही.”